'हुकूम मोडला की गोळी' हे खरं नाही

"हिटलर आला तेव्हा विरोधी विचारांच्या पोलिसांना संपवलं. उरलेल्यांनी हुकूम मोडला असता तर जागच्या जागी गोळी. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं." नाझी जर्मनीतल्या पोलिसांबद्दलचा हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय, आणि खाली हात जोडलेले इमोजी पडतायत. तिन्ही वाक्यं तपासून पाहू या.

संपवलं? बहुतेकांच्या हातात बडतर्फीचं पत्र पडलं. ७ एप्रिल १९३३ ला सरकारी नोकरांसाठी नवा कायदा आला. त्याचं कलम ३ ज्यूंना काढण्यासाठी होतं आणि कलम ४ राजकीय विरोधकांना. आजवरचं राजकीय काम पाहता जो माणूस राष्ट्रीय राज्याच्या पाठीशी सदैव, बिनशर्त उभा राहील याची खात्री वाटत नाही, त्याला घरी पाठवता येत होतं. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात आधीची बरीच वर्षं नाझींच्या विरोधातल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचं सरकार होतं आणि पोलीस दलात त्या पक्षाचे सभासद होते. त्यांच्यासाठी हे कलम तयारच होतं. तीन महिने पूर्ण पगार, मग पेन्शनचा पाऊण हिस्सा, आणि नोकरी दहा वर्षांहून कमी झाली असेल तर पेन्शन नाहीच. त्या वर्षाच्या सुरुवातीला देशात सुमारे साठ लाख बेकार होते. राजकीय कारणाने काढलेल्या हवालदाराला अशा वेळी काम कोण देणार होतं? काहींच्या वाट्याला पुढे छळछावणीही आली. गोबेल्सला पुन्हा पुन्हा कोर्टात खेचणारे बर्लिनचे पोलीस उपप्रमुख बर्नहार्ड वाइस यांचं पद तर जुलै १९३२ मध्येच, हिटलर सत्तेवर येण्याआधी गेलं होतं. १९३३ मध्ये त्यांना देश सोडून पळावं लागलं आणि नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. या माणसांनी काय सोसलं ते सांगायचं तर नीट सांगा. सगळ्यांना एका वाक्यात मारून टाकू नका.

आता ती गोळी. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंवर नाझींचे हल्ले चालू असताना बर्लिनच्या ओरानिएनबुर्गर रस्त्यावरच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आग लावली गेली. विल्हेल्म क्र्युट्सफेल्ड यांच्या ठाण्याच्या पोलिसांनी इमारत संरक्षित वास्तू असल्याचं सांगून जाळणाऱ्यांना हुसकावलं आणि अग्निशमन दलाला बोलावलं. पोलीसप्रमुख हेलडॉर्फने क्र्युट्सफेल्डना बोलावून झापलं. ते नोकरीत राहिले आणि १९४३ मध्ये निवृत्त झाले.

क्लाउस हॉर्निग यांची गोष्ट याहून कठीण आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. १९४१ मध्ये पोलंडमध्ये या पोलीस अधिकाऱ्याने सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घालायला नकार दिला. बेकायदा हुकूम पाळायचा नसतो, हे त्यांनी आपल्या माणसांनाही समजावलं. त्यांना बुखेनवाल्डच्या छावणीत टाकलं गेलं. पण तेही वाचले. युद्धानंतर शेकडो खटले चालले. निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला देहदंड झाला, असं एकही प्रकरण आरोपींच्या वकिलांना कागदोपत्री दाखवता आलं नाही. त्यांच्या अशिलांची सुटका त्यावर अवलंबून होती, तरीही.

राहिलं "आपणही तेच केलं असतं". १३ जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफुफ गाव. हॅम्बुर्गच्या १०१ व्या राखीव पोलीस बटालियनचे सुमारे ५०० जण पहाटे रांगेत उभे होते. मेजर ट्राप यांनी डोळ्यांत पाणी आणून काम सांगितलं: गावातल्या ज्यूंना, बायकामुलांसकट, मारायचं. मग ते म्हणाले, वयस्करांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर ओरडू लागला, तर ट्रापनेच कॅप्टनला गप्प केलं. ते पाहून आणखी दहाएक जण पुढे आले. त्यांनी बंदुका परत दिल्या आणि दुसऱ्या कामाची वाट पाहत ते उभे राहिले. त्यांच्यापैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. बाकीचे रांगेतच राहिले, आणि त्या दिवशी किमान १५०० माणसं मारली गेली.