ग्राहकाला हवं ते सापडू नये म्हणून

तुम्ही ऑनलाइन दुकान काढताय असं कळलं. अभिनंदन! माल, गोदाम, कुरियर यांचं तुम्ही बघालच. मी फक्त फिल्टर नावाच्या त्या चौकटींबद्दल चार गोष्टी सांगते. मंगळवारी रात्री पावणेदोन तास मी त्यांचा सखोल अभ्यास केलाय. निमित्त आईचा कुकर. साताऱ्याच्या घरी इंडक्शन शेगडी आली आणि जुना ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापेना. हवा होता ३ लिटरचा, स्टीलचा, आतल्या झाकणाचा, इंडक्शनवर चालणारा. चारच अटी. लग्न जुळवताना लोक याहून जास्त घालतात.

सुरुवात मापापासून करा. विक्रेत्याला मापाचा रकाना मोकळा द्या, त्याच्या मनाला येईल ते लिहू दे. मग फिल्टरमध्ये '३ लिटर', '३ लि.', '३ एल', '३.० लिटर' आणि '३००० मिली' अशा पाच चौकटी आपोआप उगवतात. (मला '३ किलो'सुद्धा दिसली.) ग्राहकानं एक टिक केली की उरलेल्या चार चौकटींतले कुकर गायब. ज्यानं रकाना रिकामाच ठेवला, त्याचा कुकर तर कुठलंही माप निवडलं तरी दिसत नाही. तो चांगला असला तरी बिचारा अंधारातच.

दर टिकला पान नव्यानं लोड करा आणि ग्राहकाला पार वर नेऊन सोडा. सापशिडी खेळून किती वर्षं झाली असतील त्याला!

बॅक दाबलं की सगळ्या टिका पुसा. हे तुम्ही आधीच केलं असणार म्हणा.

रंगाचा फिल्टर हवाच. स्टीलच्या कुकरला 'सिल्व्हर', 'चंदेरी', 'स्टील' आणि 'मल्टिकलर'.

'किंमत : कमी ते जास्त' हा पर्याय जरूर ठेवा. पहिली चार पानं गास्केट, पाचव्यावर शिट्ट्या.

'आयएसआय चिन्ह : आहे / नाही' अशा दोन चौकटी द्या. घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. पण 'बिनचिन्हाचा, फुटणारा दाखवा' म्हणणाऱ्या ग्राहकाची गैरसोय कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टर लागू करायचे ते फुकट्या मालाला. जाहिरातीचे पैसे मोजलेल्या मालाला कसल्या आल्यात अटी? मी चारही टिका केल्या, तरी पहिल्या दोन ओळींत ५ लिटरचे ॲल्युमिनियमचे, बाहेरच्या झाकणाचे कुकर. कोपऱ्यात मोहरीएवढ्या राखाडी अक्षरांत 'प्रायोजित'. खाली सरकले, दर तीन कुकरांमागे पुन्हा तेच. एकदा तर इडलीपात्र. अहो, इडलीपात्र! मी चार वेळा टिक करून सांगितलं मला काय हवंय, आणि तुम्ही तेच विचारून घेऊन वर तोंडावर दुसरंच फेकता? मग विचारता कशाला? फसव्या मांडणीचे १३ प्रकार सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी सांगितलेत, त्यात वेश बदललेली जाहिरातही आहे. ती यादी तुमच्याकडे बहुतेक कामाची यादी म्हणून भिंतीवर लावलेली असावी.

असो. शेवटी सापडला. आतल्या झाकणाचा, ३ लिटर, स्टील, इंडक्शन, ८४९ रुपये. सेल चालू होता, म्हटलं असेल. फोटोत अख्खा कुकर, त्यातून वाफसुद्धा निघत होती. शुक्रवारी आईचा फोन आला.

"अगं, झाकण मिळालं. कुकर मागनं येणारे का?"

'आतलं झाकण'वर टिक केली होती ना मी. आतलं झाकणच आलं. साडेतीन ओळींच्या नावाच्या शेवटी 'फक्त झाकण' लिहिलं होतं म्हणे.

आता उपरोध पुरे, ज्या दुकानातून हे झाकण आलं त्यालाच सरळ सांगते. लिटर हा आकडा आहे, आकडाच घ्या. विक्रेत्याला लिहायला लावू नका, ठरलेल्या यादीतून निवडायला लावा. माप न भरणाऱ्याचा माल दुकानात चढवूच नका. सुटे भाग वेगळ्या विभागात टाका. पैसे घेऊन कुणाला वर बसवायचंय तर बसवा, पण टिक केलेल्या अटीत बसत असेल तरच. यातलं एकही काम अवघड नाही. तुमच्यातला एक जण, एकच, रात्री अकरा वाजता स्वतःच्या आईसाठी स्वतःच्या दुकानात कुकर शोधायला बसला असता, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे सुधारलं असतं. तुम्ही ते कधी उघडूनच बघत नाही. लाज वाटायला हवी.

आणि ते झाकण न्यायला माणूस पाठवा. 'उद्या येईल' असं तीन दिवस दाखवताय. आई त्याच्याखाली दही लावते आता.