शिक्षा झाली म्हणून अग्निशामकाची वीस वर्षे पुसता येत नाहीत

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातल्या स्वयंसेवी अग्निशामकांबद्दल एक मागणी समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ती साधारण अशी असते : ‘ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला त्याचा सेवालाभ, म्हणजे सेवेच्या वर्षांवरून पुढे मिळणारी रक्कम, त्याच दिवशी रद्द करा. तो काही पगार नव्हे, गावाने दिलेली बक्षिसी आहे. लाचखोर अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन जाते, मग याला वेगळा न्याय कशाला? आणि असा धाक बसला की आगी लावणाऱ्या अग्निशामकांनाही आळा बसेल.’ या मागणीमागचा संताप खोटा नाही. आग विझवण्याची शपथ घेतलेल्यानेच आग लावावी किंवा दलाच्या पैशांवर हात मारावा, हा गावाचा विश्वासघातच आहे. मात्र मागणीसाठी जे तीन आधार दिले जातात, ते तपासून पाहिले की टिकत नाहीत.

पहिला आधार बक्षिसीचा, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. ‘लेंथ ऑफ सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्राम’, म्हणजे बोलीभाषेतला ‘लोसॅप’, ही योजना न्यू यॉर्कमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली, ती स्वयंसेवक मिळणे आणि टिकणे कठीण होत चालले होते म्हणून. नावात ‘अवॉर्ड’ असले तरी हा लाभ कोणाला मर्जीने वाटला जात नाही. वर्षभरात किमान ५० गुण मिळवावे लागतात. ४९ झाले तर ते वर्ष सेवेत धरलेच जात नाही. हे गुण प्रशिक्षणातून, कवायतींतून, ठाण्यावरच्या मुक्कामी पाळ्यांतून, बैठकांतून आणि आगीच्या हाकेला धावून जाण्यातून जमा होतात, आणि कोणत्या कामाला जास्तीत जास्त किती गुण द्यायचे हेही कायद्यानेच ठरवलेले आहे. दिवसभर स्वतःची नोकरी करून रात्री दोन वाजता भोंगा वाजल्यावर अंथरुणातून उठणाऱ्या माणसाची ही वर्षे आहेत. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे महिना २० डॉलर असा दर धरला, तर वीस वर्षांच्या सेवेनंतर ठरलेल्या वयाला दरमहा ४०० डॉलर हाती येतात. योजना सुरू करण्याआधी स्थानिक मतदारांचा कौल घ्यावा लागतो, म्हणजे गावाने विचारपूर्वक एक करार केलेला असतो : आज पगार मागू नका, पुढे इतके देऊ. काम करून घेतल्यावर मोबदल्याला बक्षिसी म्हणणे हे त्या करारातून अंग काढून घेणे आहे, आणि ते मला अप्रामाणिक वाटते.

लाचखोर अधिकाऱ्याशी केलेली तुलना तर मागणीच्याच विरोधात जाते. न्यू यॉर्कच्या राज्यघटनेत सरकारी निवृत्तिवेतनाला कराराचे संरक्षण आहे. त्याला अपवाद करण्यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, परंतु तिचे शब्द फार जपून योजलेले आहेत. गुन्हा ‘फेलनी’ या गंभीर वर्गातला हवा. अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी त्याचा थेट आणि प्रत्यक्ष संबंध हवा. निर्णय न्यायालयाने नोटीस देऊन आणि सुनावणी घेऊन करायचा. आणि कपात करायची की पूर्ण रद्द करायचे हे ठरवताना गुन्ह्याची तीव्रता व शिक्षेचे प्रमाण पाहायचे. समाजमाध्यमांवरच्या मागणीत यातले काहीच नाही. तिच्यानुसार घरगुती भांडणातून किंवा दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे झालेली शिक्षासुद्धा तीस वर्षांची सेवा पुसून टाकेल. ज्या अधिकाऱ्याशी तुलना केली जाते, त्याला मिळणारे संरक्षणही पगार न घेणाऱ्या स्वयंसेवकाला नाकारायचे, हा समान न्याय नव्हे.

सरसकट नियम अमेरिकेने एकदा करून पाहिलेला आहे. अॅल्जर हिस या माजी सरकारी अधिकाऱ्याला १९५० मध्ये खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाल्यावर १९५४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि अनेक प्रकारच्या गुन्ह्यांसाठी सरकारी नोकरांचे निवृत्तिवेतन बंद होऊ लागले. त्याची व्याप्ती अतिरेकी ठरल्यामुळे १९६१ मध्ये तो मुख्यतः राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित गुन्ह्यांपुरता आटोपता घेण्यात आला, आणि १९७२ मध्ये न्यायालयाने खुद्द हिसचे निवृत्तिवेतन परत दिले, कारण कायदा मागाहून करून आधीच्या कृत्याला लावला होता. आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यातही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी रक्कम जप्त करताना तो गुन्हा नोकरीच्या ओघात घडलेला असावा, अशी अट होती. न्यू यॉर्कची घटनादुरुस्ती आणि आपल्याकडचा हा कायदा, दोन्ही शेवटी गुन्हा आणि काम यांच्या संबंधापाशीच येऊन थांबतात.

धाकाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. आगी लावताना सापडणारे अग्निशामक बहुधा तरुण आणि दलात नव्याने आलेले असतात, हे अमेरिकेतील तपास यंत्रणांचे जुने निरीक्षण आहे. लोसॅपचा हक्क मात्र साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर पक्का होतो. ज्याच्या खात्यावर अजून काही जमलेलेच नाही, त्याला ते जाण्याची भीती कशी वाटणार? त्याला रोखण्याची जागा दलाच्या दारात आहे, आणि न्यू यॉर्कमध्ये नव्या अर्जदाराला पूर्वी आग लावल्याबद्दल शिक्षा झाली आहे का, हे तपासण्याची कायदेशीर सोय आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. दलाचा खजिनदार दलाचेच पैसे खात असेल, किंवा एखादा सदस्य स्वतः लावलेल्या आगीच्या हाकेला धावून जाऊन तिचेही गुण मिळवत असेल, तर त्या वर्षांचे लाभ त्याला मिळता कामा नयेत, आणि लुबाडलेली रक्कमही त्याच्या लाभातून वळती व्हावी. त्यासाठी हवा असलेला नियम अरुंद असेल : गुन्हा सेवेशी जोडलेला, निर्णय न्यायालयाचा, गुन्ह्याच्या काळातली वर्षे वजा, त्याआधीची प्रामाणिक वर्षे शाबूत, आणि अग्निशामकाच्या पश्चात त्याच्या पत्नीला किंवा मुलांना जे मिळायचे त्याचा वेगळा विचार. असा मसुदा कोणी मांडला, तर मी त्याला पाठिंबा देईन.