नदीचं मूळ, काजव्याचं कूळ

‘१४ तर भाग आहेत, शनिवार-रविवारात उरकतील,’ असं मी घरात जाहीर केलं त्याला आता तीन महिने होतील. गंमत म्हणजे मालिका टीव्हीवर मुळात चाललीच तेवढी. २० सप्टेंबर २००२ ला सुरू, २० डिसेंबर २००२ ला गाशा गुंडाळला. फॉक्स वाहिनीला ती सुरू करून बंद पाडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मला ती बायको-मुलीला पुरती दाखवताही आलेली नाही.

मालिकेचं नाव ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा. इतकं लुकलुकून विझणाऱ्या मालिकेला दुसरं काय नाव ठेवणार! साल २५१७. अवकाशयानं आहेत, आणि घोडेही आहेत. पट्ट्याला पिस्तुलं लटकवलेली माणसं आहेत, आणि यानाच्या पोटात चक्क गुरं भरलीत. परग्रहवासी एकही नाही. ‘सेरेनिटी’ नावाच्या खटारा यानात नऊ माणसं, त्यांच्या भुरट्या चोऱ्या आणि एकमेकांना लागट बोलणं, एवढाच संसार.

मित्राकडून ‘दोन दिवसांत परत करतो’ म्हणून आणलेला चार डिस्कचा संच गेली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. त्याने मागणं सोडलं, मी ओशाळणं सोडलं. डिस्क लावायला घरात जागा नव्हती म्हणून मी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. तिथपर्यंत बायको काही बोलली नाही. तिचा बांध फुटला तो क्रमावरून.

‘आधी सांगून ठेवतो,’ मी म्हणालो, ‘वाहिनीने हे भाग उलटसुलट दाखवले होते. दोन तासांचा पहिला भाग त्यांना रेंगाळणारा वाटला. म्हणून मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन आणि त्याचा सहकारी टिम मिनिअर या दोघांनी एका शनिवार-रविवारात दुसराच भाग लिहून काढला, रेल्वे लुटण्याचा. तो आधी लागला. मूळचा पहिला भाग लागला सगळ्यात शेवटी.’

‘त्यांनी शनिवार-रविवारात अख्खा भाग लिहिला?’ बायकोने विचारलं. पुढचं ती बोलली नाही. माळ्यावर चढायची शिडी गेले दोन रविवार पॅसेजमध्ये उभी होती, तिच्याकडे फक्त बघितलं.

मूळच्या त्या पहिल्या भागात यानावर एक पेटी येते, ती उघडते आणि आत गोठवून ठेवलेली मुलगी निघते. आता विचार करा, अमेरिकेतल्या बिचाऱ्या प्रेक्षकांना ही मुलगी तीन महिने दर शुक्रवारी यानात वावरताना दिसत होती, आणि ती आली कुठून हे कळलं निरोपाच्या दिवशी. म्हणजे पाचव्या वाढदिवसानंतर बारसं. एवढं करून १४ पैकी ११ च भाग दाखवले, तीन डब्यातच. नंतर डीव्हीडी इतक्या खपल्या की युनिव्हर्सलने २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ नावाचा चित्रपट काढला. मेलेल्या मालिकेचं असं श्राद्ध क्वचितच होतं.

हे सगळं मी मालिका सुरू व्हायच्या आधी सांगितलं. सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला थांबवली.

‘हे बघा!’ यानाचा कॅप्टन माल विमानवेधी तोफेवर बसलाय आणि तोफेच्या पडद्यावर क्षणभर एक नाव झळकतं : वेलँड-युटानी. ‘ही एलियन चित्रपटांमधली बदमाश कंपनी! व्हेडननेच १९९७ चा ‘एलियन रेझरेक्शन’ लिहिला होता. त्यातही अशीच एका यानातली तस्करांची टोळी होती. म्हणजे बीज तिथे आहे.’

‘बाबा,’ मुलगी शांतपणे म्हणाली, ‘तो आत्ता युद्ध हरतोय. हरू दे ना.’

खरं तर तिथे पुन्हा थांबवणं भाग होतं, कारण त्या हरण्याचं मूळ मायकेल शारा यांच्या ‘द किलर एंजल्स’ या १९७४ च्या कादंबरीत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, जुलै १८६३ मधली गेटिसबर्गची तीन दिवसांची लढाई. ती वाचून व्हेडनच्या डोक्यात आलं की युद्ध हरलेल्या माणसाने पुढे पोट कसं भरायचं? प्रश्न फर्मास आहे. फक्त हरलेल्यांना अवकाशात नेताना गुलामगिरीचं गाठोडं त्याने सोयिस्करपणे खालीच ठेवलं, हे मला आता दुसऱ्यांदा बघताना खटकलं. पहिल्यांदा मी कॅप्टनच्या तपकिरी कोटावर भाळलो होतो. मुलीला मात्र पहिल्याच फटक्यात दुसरं खटकलं. ‘सगळे चिनी भाषेत शिव्या देतात, मग यानात चिनी माणूस का नाही एकपण?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी प्ले दाबलं. स्वतःहून दाबलं असं ते बहुधा एकदाच.

माझी खरी फजिती झाली ‘आउट ऑफ गॅस’ या भागाला. तो सुरू होतो रिकाम्या यानापासून. कॉकपिटमध्ये कोणी नाही, जेवणाच्या लांब टेबलाभोवती कोणी नाही. मग एकदम माल धाडकन जमिनीवर कोसळतो. कोसळला आणि पडून राहिला. आवाज बंद.

‘बघा,’ मी कुजबुजलो. ‘अवकाशात आवाज नसतो. बाकीच्यांची यानं पोकळीतून घरघरत जातात. इथे शांतता. धाडस लागतं याला.’

दोघी खिळून बघत राहिल्या. मी पण.

‘किती वेळ धरलाय शॉट!’ बायको हळूच म्हणाली. तीन महिन्यांतलं तिचं हे पहिलं कौतुक.

‘पापणीसुद्धा हलत नाहीये त्याची,’ मुलगी म्हणाली. ‘ॲक्टर भारी आहे.’

‘नेथन फिलियन,’ मी घरचं कार्य असल्यासारखा संकोचलो.

अशी चार मिनिटं गेली. मग ड्राइव्हमधून कट-कट-कट असा आवाज आला आणि पडद्यावर मालच्या गालाचे चौकोन झाले. डिस्क अडकली होती. यानाच्या इंजिनातला एक सुटा भाग निकामी होऊन यान बंद पडतं, अशीच त्या भागाची गोष्ट आहे. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी डिस्क काढून शर्टाच्या टोकाने पुसली. तिच्यावर अंगठ्याचा एक ठसठशीत ठसा होता. तो मित्राचा असावा, असं मी जाहीर केलं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण डिस्क पुसता पुसता माणूस शोधणार नाही तर काय करणार? मालिका अडकली म्हणून मी त्या रात्री तिच्या आजोबांकडे गेलो. जॉन फोर्डचा १९३९ चा ‘स्टेजकोच’, घोडागाडीतल्या प्रवासाचा चित्रपट. मी बोटांवर मोजलं : आत प्रवासी सात, वर गाडीवान आणि मार्शल. नऊ! यानातही नऊच. तिथे दारूच्या नमुन्यांची बॅग घेऊन निघालेला एक भिडस्त विक्रेता आहे, त्याला सगळे पाद्री समजतात. इथे यानात खराखुरा पाद्री आहे, पण त्याला बंदुकांची माहिती पाद्र्याच्या मानाने जरा जास्तच. मी अंथरुणात उठून बसलो. बायकोही उठली, तिची कारणं वेगळी होती.

‘स्टेजकोच’ निघाला अर्नेस्ट हेकॉक्सच्या १९३७ च्या कथेवरून, आणि फोर्डच्या म्हणण्यानुसार त्यामागे होती फ्रेंच लेखक मोपासाँची १८८० ची कथा ‘बूल द स्विफ’. म्हणजे पणजोबा. रात्री दीड वाजता मी बायकोला ती सांगितली. प्रशियाच्या सैन्याने घेतलेल्या रूआँ शहरातून बर्फातून निघालेली घोडागाडी, आत दहा माणसं. त्यातल्या एका वेश्येने तेवढी शिदोरी आणलीय. नाकं मुरडणारे सगळे तिचंच खातात. पुढे एक प्रशियन अधिकारी गाडी अडवतो, ती आपल्याकडे आल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. तिची तयारी नसते. मग हेच लोक तिला गोड बोलून भरीला घालतात.

‘आणि नंतर तिला कोणी विचारत नाही,’ बायको अंधारात म्हणाली.

‘वाचलीयस?’

‘नाही रे. हे काय वाचायला लागतं?’

पुढच्या वाटेवर त्यांच्याकडे खायला असतं, तिच्याकडे नसतं, आणि कोणी तिला घासभर देत नाही. फोर्डने १९३९ मध्ये त्याच बाईला निदान प्रेम करणारा माणूस दिला. २००२ मध्ये यानातल्या इनाराकडे या धंद्याचा रीतसर परवाना आहे, आणि ती बरोबर असते म्हणून त्या खटाऱ्याला बऱ्या बंदरांत उभं करतात. तिथे अब्रूदार अशी ती एकटीच. एवढं उलटायला १२२ वर्षं लागली, असं मी म्हणणार होतो, पण बायकोला झोप लागली होती. निदान तिने तसं दाखवलं.

परवा रविवारी मी नववा भाग लावायला घेतला, तर मुलगी म्हणाली, ‘बाबा, माझे झालेत सगळे.’

‘कधी?’

‘फोनवर. दोन रात्रीत. क्रमाने,’ ती माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाली. मग पाय जवळ घेऊन सोफ्यावर बसली. ‘संपली कशी पण? पुढे काय? मला तो पायलट जाम आवडतो, तो वॉश. पहिल्या भागात डायनोसॉरची खेळणी घेऊन दोघांचे आवाज काढत बसतो ना, तो. पिक्चर आहे म्हणालेलास ना? त्यात आहे तो?’

‘आहे,’ मी म्हणालो.

ती थांबली. तीन महिन्यांच्या सवयीने रिमोट खाली ठेवून, मी आता काय सांगतोय याची वाट बघत राहिली.

मी रिमोट उचलून तिच्या हातात दिला, आणि शिडी घेऊन माळ्यावर चढलो.