‘भाग बदलता येणारे गेमिंग लॅपटॉप लोकांनीच नाकारले’: हे खरं नाही

गेमिंग लॅपटॉपचा विषय निघाला की हल्ली एक मांडणी हमखास पुढे येते. पूर्वी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बदलता येतील असे दणकट लॅपटॉप मिळायचे. लोकांना सडपातळ लॅपटॉप हवेसे झाले म्हणून ते बंद पडले. आजचा वेग हवा तर सगळं बोर्डावर सोल्डर करावंच लागतं, म्हणजे कायमचं जोडावंच लागतं. एका मोठ्या कंपनीने उलटा प्रयत्न करून पाहिला, तो फसला. कार्ड बदलणारे मुळात होतेच किती, आणि तोवर बाकीचा लॅपटॉपही जुना होतोच. इतकी हौस असेल तर कार्ड बाहेरून जोडावं.

ही मांडणी इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितली जाते की नवीन लॅपटॉप घेणारे तिला इतिहास समजतात. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे तपासले तर टिकत नाहीत. मी असा लॅपटॉप कित्येक वर्षं वापरला आहे, त्याचं कार्ड बदलायला बसलो आहे. त्यामुळे याबद्दल अलिप्तपणे लिहिणं मला जमणार नाही.

आधी सडपातळपणा. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१७ साली मॅक्स-क्यू हे कमी विजेत चिप चालवण्याचं तंत्र आणलं आणि जेमतेम १८ मिलिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १०८०सारखी ताकदवान ग्राफिक्स चिप बसू लागली. असे लॅपटॉप घेणारे पुष्कळ आहेत, याबद्दल वाद नाही. पण जाड, जड लॅपटॉप बाजारातून गेले कुठे? एमएसआयचा २०२४चा टायटन १८ एचएक्स ३.६ किलोचा आहे. डेलचा एलियनवेअर एम१८ चार किलोच्या आसपास जातो. दोन्हींत प्रोसेसर सोल्डर केलेला, ग्राफिक्स चिपही सोल्डर केलेली. आता २०१९चा एलियनवेअर एरिया-५१एम पाहा: ३.८७ किलो, आणि त्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटात, म्हणजे काढता-घालता येईल अशा खाचेत, बसलेला, ग्राफिक्स कार्ड सुटं. म्हणजे वजन तेवढंच राहिलं, जाडी राहिली, आवाज करणारे पंखे राहिले, विटेएवढा चार्जर राहिला. फक्त बदलण्याची सोय गेली. ज्यांनी सडपातळपणा कधी मागितलाच नाही त्यांच्याकडूनही ती काढून घेतली, हे ‘लोकांना सडपातळ हवं होतं’ या कारणात बसत नाही.

उलट बाजूही आहे: भाग सुटा म्हणजे लॅपटॉप जाडच, असंही नाही. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ मध्ये ग्राफिक्सचा भाग मागून काढता-घालता येतो. तो बसवलेला असताना लॅपटॉपची जाडी सुमारे २१ मिलिमीटर आणि वजन सुमारे २.४ किलो असतं.

आता वेगाचा मुद्दा. अर्धा खरा म्हणालो तो हाच, म्हणून इथे नीट थांबायला हवं. रॅमच्या बाबतीत अडचण खरी आहे. एलपीडीडीआर५एक्ससारखी मेमरी कमी वीज खाते आणि फार वेगाने चालते, पण तेवढ्या वेगात संकेत स्वच्छ राहायचा तर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली वाट आखूड लागते. रॅमच्या नेहमीच्या पट्टीत, म्हणजे सोडिममध्ये, ती वाट लांबते. पण यावर तोडगा निघाला आहे. डेलने २०२२ साली आपल्या प्रिसिजन लॅपटॉपमध्ये कॅम नावाचं चपटं मॉड्यूल आणलं, डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने त्याच धर्तीवर कॅम२चं मानक जाहीर केलं, आणि २०२४ साली लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ बसलं. हे मॉड्यूल स्क्रूने बसतं आणि स्क्रू काढून निघतं. शिवाय बड्या गेमिंग लॅपटॉपांमध्ये रॅमच्या पट्ट्या आजही बदलता येतात. म्हणजे रॅमची अडचण दाखवून ज्यांचं सोल्डर करणं योग्य ठरवलं जातं, त्या लॅपटॉपांना ती अडचणच नाही.

ग्राफिक्सची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे या मांडणीत दोन जोडण्यांची गल्लत होते. ग्राफिक्स चिप आणि तिची स्वतःची जीडीडीआर मेमरी यांच्यातली जोडणी खरोखरच अतिवेगवान असते. मेमरीच्या चिप तिला खेटूनच सोल्डर कराव्या लागतात. पण सुटं कार्ड म्हणजे ही चिप, तिची मेमरी आणि तिला वीज पुरवणारे भाग असा सगळा संसार एकाच पट्टीवर. बदलताना तो सगळाच निघतो. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात मात्र पीसीआय एक्सप्रेस असते, आणि ती तर खाचेत कार्ड बसवण्यासाठीच तयार झालेली आहे. डेस्कटॉपमध्ये जगातली सर्वांत वेगवान कार्डं याच पद्धतीने बसतात. तेव्हा ‘वेग हवा तर सोल्डर हवं’ हे चिप आणि तिच्या मेमरीबद्दल खरं आहे, कार्ड आणि लॅपटॉपबद्दल नाही.

मग सुटी कार्डं गेली कशी? २००४ साली एनव्हिडियाने एमएक्सएम हे लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं मानक पुढे आणलं. त्यातलं मोठं कार्ड ८२ बाय १०५ मिलिमीटरचं. कनेक्टर ठरलेला, आकार ठरलेला. पण उष्णता बाहेर काढणाऱ्या हीटसिंकची रचना आणि बायोसने, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने, कार्ड ओळखणं हे ज्या त्या लॅपटॉप कंपनीच्या हातात राहिलं. जीटीएक्स १०८०सारख्या कार्डाला जास्त वीज लागायची, म्हणून कंपन्यांनी आपापल्या सोयीने कार्डाचा आकार वाढवला. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसेना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही कार्डं डेस्कटॉपच्या कार्डांसारखी कधी दुकानाच्या फळीवर आलीच नाहीत.

माझ्या लॅपटॉपमध्ये असंच एमएक्सएम कार्ड होतं. तीन वर्षांनी मोठ्या खटपटीने पुढच्या पिढीचं, वापरलेलं कार्ड मिळवलं. स्क्रूची भोकं जुळली; हीटसिंक मात्र मेमरीच्या चिपांवर टेकेना. थर्मल पॅड जाड लावून तेही निभावलं, तर बायोस कार्ड ओळखेना. लॅपटॉपच्या कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की नवीन मॉडेल घ्या. पडदा उत्तम, कीबोर्ड उत्तम, प्रोसेसर कामाला पुरून उरणारा. नव्या बायोसची एक फाइल मिळाली असती तर तो लॅपटॉप आणखी काही वर्षं चालला असता.

एमएक्सएम तंत्र म्हणून संपलं असंही कुणी समजू नये. अ‍ॅडव्हान्टेक आणि अ‍ॅडलिंकसारख्या कंपन्या औद्योगिक संगणकांसाठी एनव्हिडियाच्या चिप असलेली एमएक्सएम कार्डं देत आल्या आहेत. ज्या गिऱ्हाइकाला यंत्र वर्षानुवर्षं चालवायचं असतं, त्याच्यासाठी सगळं जमतं.

प्रोसेसरचंही असंच. लॅपटॉपसाठी सॉकेटात बसणारे प्रोसेसर इंटेलने २०१३च्या हॅस्वेल पिढीपर्यंत दिले. ब्रॉडवेल या पुढच्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर फक्त सोल्डर करायचे. हा निर्णय दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने घेतलेला नव्हता. त्यानंतरही क्लेव्होसारख्या कंपन्यांनी डेस्कटॉपचे प्रोसेसर लॅपटॉपमध्ये बसवून दाखवले. २०२० साली एक्सएमजी एपेक्स १५ मध्ये एएमडीचा सोळा कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स सॉकेटात बसून चालत होता.

‘प्रयत्न करून पाहिला, फसला’ असं म्हणतात ते बहुधा एरिया-५१एमबद्दल. जानेवारी २०१९ मध्ये तो मोठ्या थाटात आला. बदलता येणं हीच त्याची जाहिरात होती. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मात्र एमएक्सएम नव्हतं, डेलच्या स्वतःच्या घडणीचं होतं, म्हणजे पुढचं कार्ड फक्त डेलकडूनच येऊ शकत होतं. पुढच्याच वर्षी आर२ हे त्याचं पुढचं मॉडेल आलं. त्यात नवा प्रोसेसर, नवा सॉकेट, नवं आरटीएक्स २०८० सुपर ग्राफिक्स कार्ड. आणि पहिल्या मॉडेलच्या मालकांना यातलं काही आपल्या यंत्रात बसवता येईना. जून २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात ग्राहकाने दावा दाखल केला, आरोप हाच की बदलता येण्याबाबत दिशाभूल झाली. हा प्रयत्न फसला असं म्हणताना नेमकं काय फसलं ते सांगायला हवं. गिऱ्हाइकाने पैसे मोजले होते. ज्या दुसऱ्या कार्डासाठी मोजले, ते आलं नाही.

आणि मग ‘कार्ड बदलणारे होतेच किती’ या प्रश्नाला काय अर्थ उरतो? जी वस्तू विकायलाच ठेवली नाही, तिचे घेणारे मोजायचे कसे? जिथे सोय ठेवली आहे तिथे लोक काय करतात ते पाहा. रॅम वाढवणं, एसएसडी बदलणं या गोष्टी घरच्या घरी, छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन, ज्यांना संगणकाचं फारसं कळत नाही तेही करतात.

लॅपटॉपचे सगळे भाग एकदम जुने होतात, हेही अनुभवाच्या विरुद्ध आहे. सर्वांत आधी तोकडी पडते ती ग्राफिक्सची मेमरी. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स चिपला ६ जीबी, ४०६०ला ८, ४०७०लाही ८. नव्या खेळांची तपशीलवार चित्रं इतक्या मेमरीत मावत नाहीत, खेळ अडखळतो, आणि शेजारी आठ कोअरचा प्रोसेसर अर्धा रिकामा बसलेला असतो. एका भागापायी पडदा, बॅटरी, बोर्ड, धातूचं अंग असं सगळंच मोडीत काढायचं, याला ‘सगळंच जुनं झालं’ म्हणणं मला पटत नाही.

बाहेरून कार्ड जोडण्याबद्दल थोडक्यात. कार्डाची पेटी ज्या केबलने लॅपटॉपला जोडतात त्या थंडरबोल्ट ३ आणि ४ची वाट सेकंदाला ४० गिगाबिटची, त्यातलं कार्डाच्या वाट्याला येतं सुमारे ३२. सोळा पदरी पीसीआय एक्सप्रेस ४.० अडीचशेच्या घरात जाते. चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर परत आणायचं तर तेही त्याच अरुंद वाटेने. थंडरबोल्ट ५ने ती ८० केली, ही चांगली गोष्ट आहे. पण वेगळी पेटी आणि तिची वेगळी वीज सोबत वागवायची, तर लॅपटॉप टेबलालाच बांधला जातो.

फ्रेमवर्क लॅपटॉप १६ हा जानेवारी २०२४ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागला, एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७७००एस या ग्राफिक्स चिपच्या मॉड्यूलसह. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच लॅपटॉपसाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७०चं मॉड्यूल जाहीर झालं, आणि पहिल्या दिवशी घेतलेल्या यंत्रातही ते बसतं. दुसऱ्या कंपनीची चिप, पुढची पिढी, जुनंच यंत्र. त्यात उणिवा आहेत: मेमरी ८ जीबीच, वीज १०० वॅटपर्यंतच, आणि चार किलोच्या लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप १७५ वॅटपर्यंत जाते. त्या वजनाच्या लॅपटॉपमध्ये जागा आहे, पंखे आहेत, चार्जर आहे. कार्ड अजून कुणी दिलेलं नाही.