सरळ पट्टी मिळेल का, स्वस्तात?

हौसेने सुतारकाम करणाऱ्याला पैसे कुठे जातात हे विचारू नये. मशीन घेतलं की निदान घरच्यांना ते दिसतं तरी, पण ते मशीन सरळ आहे का हे बघायला जी पट्टी लागते तिचे पैसे सांगितले की सगळे तोंडाकडे बघत बसतात. "अरे, पोरीच्या दप्तरात फूटपट्टी आहे की," इति बायको. आता हिला कसं सांगणार की रंधा मशीनला एक पुढचं टेबल असतं, एक मागचं, आणि ती दोन्ही एकमेकांशी सरळ नसली की फळीची कड मधे फुगते नाहीतर खोल जाते, आणि मग दोन फळ्या जोडल्यावर राहिलेली फट बुजवायला फेव्हिकॉलमधे भुसा कालवत बसावं लागतं. (सगळेच कालवतात. बोलत कोणी नाही.)

तर दोन्ही टेबलांवर मिळून पुरेल अशी चार फुटी पट्टी पाहिजे. इंजिनिअर लोकांची ग्राइंड केलेली स्ट्रेटएज मिळते, सर्टिफिकेटसकट, तिची किंमत ऐकून मी विचारलं की सोबत मशीन पण येतं का. मग एकाने सल्ला दिला, भोसरीला जा, लोखंडी पट्टी घे आणि सरफेस ग्राइंडरवर (वस्तू मॅग्नेटवर धरून सपाट घासणारं मशीन) मारून घे. गेलो. तिथला माणूस भलताच प्रामाणिक निघाला. म्हणाला, "साहेब, मॅग्नेटवर आहे तोवर एकदम सरळ, सोडली की गेली." म्हणजे पातळ पट्टी मॅग्नेट आधीच ओढून सपाट करतो, आपण तिला त्या सपाट अवस्थेत घासतो, आणि मॅग्नेट बंद केला की परत केळं.

शेवटी बोहरी आळी, पुण्याचा हार्डवेअरचा बाजार. गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात ती अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी. दुकानदाराने एक उचलली, एक डोळा मिटला, "एकदम सरळ." मी म्हटलं, "काका, मला पाव मिलिमीटर पण चालणार नाही." "अहो, यावर बिल्डिंगी उभ्या राहतात!" पुण्यातल्या बिल्डिंगी बघता हा मुद्दा त्यांनी काढायला नको होता.

पट्टी तपासायची साधी रीत म्हणजे तिच्या कडेने एक रेघ मारायची, मग पट्टी पलटून त्याच कडेने तिथेच दुसरी मारायची, वाकडेपणा दुप्पट होऊन दिसतो. पण पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड, त्यात चूक आरामात लपते, म्हणून ब्लेड लागतं, आणि काउंटरवर ब्लेड चालवायला काका तयार होईनात. मग मी व्हिटवर्थ काढला. या इंग्रज कारागिराने 1840 सालीच सांगून ठेवलंय की दोन वस्तू एकमेकींना नीट बसल्या म्हणून सरळ ठरत नाहीत, एकीचा खड्डा दुसरीच्या फुगवट्यात बसलेला असू शकतो, तिसरी आणली की भांडं फुटतं. काकांचा चेहरा उजळला. "मग तीन घ्या ना!"

मी म्हटलं तीन बघतो, घेणार एक. बाहेर उन्हात उभ्या होत्या त्या आधी आत आणायला लावल्या, कारण एका अंगाने तापलेलं अॅल्युमिनियम वाकतं, लोखंडाच्या दुप्पट पसरतं ते. पंख्याखाली गार होईपर्यंत काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग खडूने क, ख, ग लिहिलं, कडेला कड लावून दोन-दोन उभ्या केल्या आणि मागून मोबाईलचा टॉर्च. बिजागऱ्या घ्यायला आलेले एक आजोबा न सांगता पलीकडचं टोक धरून उभे राहिले. क-ख मधून काहीच उजेड नाही, गर्दीत समाधान. ख-ग, मधोमध लख्ख. "ग वाकडी!" आजोबा ओरडले. क-ग लावली तर तीही मधे लख्ख, तेव्हा आजोबांचं बरोबर निघालं. ग ची बदली आली, ती तिन्ही जोड्यांत पास झाली आणि मागून कोणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

मी क उचलून पैसे काढले.

"हिचे पन्नास जास्त," काका म्हणाले. "चेक केलेली आहे."

"अहो, पण चेक मी केली!"

"हो, पण काउंटर कुणाचा होता?"