नववीतला व्यवसाय विषय आणि ‘बंद होणारी’ दारे

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘नववीत व्यवसाय विषय घेतला की सायन्सचे दार बंद, हे विषय कच्च्या मुलांसाठीच असतात, आणि शेवटी हाती येते ते अंबडच्या कंपनीतले कंत्राटी काम.’ तिन्ही विधाने एका दमात केली असली, तरी त्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

पहिले विधान निखालस चुकीचे आहे. शाळेतला व्यवसाय विषय आणि आयटीआयचा (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला) ट्रेड, म्हणजे तिथला पूर्ण व्यवसाय-अभ्यासक्रम, यांची येथे गल्लत झाली आहे. शाळेतल्या विषयामुळे गणित-विज्ञान सुटत नाही आणि अकरावी विज्ञानाचा प्रवेशही अडत नाही. इतकेच काय, दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्यालाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे.

‘कच्च्या मुलांसाठी’ हा शेरा जुनाच आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सर्वच विद्यार्थ्यांसाठी सुचवला होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले सहावी ते आठवीचे, स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याचे दहा दप्तरमुक्त दिवसही सर्वांसाठीच आहेत. सातपूरच्या एका शाळेत मी नववीच्या मुलींना व्हर्नियर कॅलिपरने लोखंडी दांड्याचा व्यास मोजताना पाहिले. एकीचे माप दर वेळी ०.०२ मिलिमीटरने वेगळे येत होते. तेव्हा तिने स्वतःहून पाच मापे घेतली, सरासरी काढली आणि मग दांडा एका टोकाला निमुळता आहे की काय, हे तपासायला घेतले. याला कच्चेपणा म्हणायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसऱ्या विधानात मात्र तथ्य आहे, आणि ते झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक व सहकाऱ्यांनी ११ देशांच्या माहितीवरून २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी लवकर मिळते; परंतु तंत्रज्ञान बदलत गेले की उतारवयात तेच मागे पडण्याची शक्यता वाढते. मात्र हा अभ्यास सामान्य शिक्षणाऐवजी व्यावसायिक शाखा घेतलेल्यांचा आहे. नववीत सामान्य शिक्षणाच्या जोडीने एक व्यवसाय विषय घेणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातून निघते ते इतकेच, की हाताच्या कामापायी भाषा आणि गणित मागे पडता कामा नये.

नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही, हेही खरे. म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी शाळेला विचारावे: प्रात्यक्षिकाचे तास प्रत्यक्ष होतात का, कारखान्याच्या भेटी ठरतात का, शिकवणारा वर्षभर टिकतो का? माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत हत्यारांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असे, आणि कपाट उघडे ते फक्त तपासणीच्या दिवशी.