पाळतो सगळं, पण तोंड पाडून

आपल्याकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीला (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला) उभं राहिलं की साचा ठरलेला, मी देवाची आज्ञा पाळली आणि प्रभूने ट्रॅक्टर दिला, पोराला नोकरी लागली, सून पण चांगली मिळाली. माझा विरोध नाहीये, देणारा तोच आहे. पण ट्रॅक्टर नसता मिळाला तर पाळली असती का? हे विचारायची सोय नाही, लगेच विश्वास कमी पडतोय म्हणून आपल्यासाठीच प्रार्थना सुरू होते 😄

बायबलमधल्या लूक 15 मधला धाकटा पोरगा सगळ्यांना पाठ आहे, वाटणीचे पैसे उधळून परत आला आणि बापाने त्याच्यासाठी मेजवानी घातली तो. मला मात्र थोरला जास्त आपल्यातला वाटतो. शेतातून दमून येतोय, घरात गाणं-नाच चालू, आणि हा दारातच फुगून बसतो. बाप स्वतः बाहेर येऊन विनवतो तर त्यालाच ऐकवतो की इतकी वर्षं राबलो, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं करडू दिलं नाही कधी. बाप त्याला खोटारडा म्हणत नाही हं. म्हणजे आज्ञा खरंच पाळल्या असतील, पण सोबत वही पण ठेवली, करडापर्यंतची!

आता आपलं बघा. जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावलकडे कापूस वेचणी किलोवर असते, सातपुड्यातून पावरा आदिवासी मजूर येतात, गावातल्या बाया असतात. दुपार कलली की बांधाजवळ काटा टांगतात, फडक्यात बांधलेलं गाठोडं आकड्याला अडकवतात, आणि जिने सकाळपासून कंबर वाकवून वेचलं ती मान वर करून विचारते, कितला भरना भाऊ? काटा सतरा किलो आठशे दाखवतो, वहीत सतरा लागतात. का तर माल ओला आहे. आणि हा वहीवाला रविवारी आपल्याच बाकावर बसून दशांशाचं, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा देवाला द्यायचं, पाकीट टाकतो. मग बाजाराच्या दिवशी पैसे मागितले की पुढच्या आठवड्यात बघू.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 24 व्या अध्यायात स्पष्ट आहे, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. भाऊबंद असो की परका, दोघांनाही तोच नियम. उद्या मजूर येणार नाहीत या भीतीने वेळेवर देणारे पण आहेत, ठीक आहे, निदान त्या घरात चूल तरी पेटते. पण सतरा आठशेचे अठरा लिहिणारा माणूस मी पाहिलाय, कोणी सांगितलं नव्हतं, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तो साक्षीला कधी उठत पण नाही. मला खुशीने पाळणं म्हणतात ते हेच वाटतं.

चर्चच्या यूथ ग्रुपमधली पोरं विचारतात, मनच होत नसेल तर करायचंच नाही का, ते ढोंग नाही का होणार. नाही रे बाबांनो. पकडून नेण्याआधी गेथशेमाने बागेत येशूला तरी कुठे हौस होती, हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळू दे म्हणून तीनदा प्रार्थना केली त्याने. पण जे वाटत होतं ते बापाला, म्हणजे देवाला, तोंडावर सांगितलं आणि मग उठून गेला. थोरल्याने वर्षानुवर्षं मनात धरलं, एवढाच फरक आहे दोघांत, आणि हा फरक लहान नाही.

अजून एक, राग आला तर येऊ द्या. देवाची आज्ञा म्हणजे पाळकसाहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) किंवा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीची प्रत्येक गोष्ट नव्हे. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे हे येशूचा शिष्य पेत्राने यहुदी पुढाऱ्यांच्या धर्मसभेसमोरच सांगितलं होतं, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 5 काढून वाचा. हिशोब विचारला की आज्ञाभंग म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचा.

बाकी तो थोरला शेवटी आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही. आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणतात गेला असणार, पुष्ट वासरू कापलेलं होतं, किती वेळ बाहेर बसेल. मला नाही वाटत, माझ्या ओळखीतले असले थोरले उपाशी झोपतात पण आत येत नाहीत. तुम्हाला काय वाटतं, लिहा खाली.